चौथा थांबा: फसलेली मैफल

प्रिय ढब्ब्या,

फोनवर मागून बाबांचा खोकला ऐकू आला की तू 'ठेवतो' म्हणतोस, म्हणून या वेळी पत्र. अकरा वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही, तूही त्यांची चौकशी केलेली नाहीस, आणि तुम्हा दोघांच्या मध्ये मी टपालपेटीसारखी उभी आहे. पण आज कुणाचा निरोप नाही. मला एक शोध लागलाय आणि तो तुलाच सांगायचाय.

परवा रविवारी मी आपल्याच शहरात पर्यटक होऊन फिरले. हसू नकोस. मी ज्यांच्याकडे कामाला जाते त्या दातांच्या डॉक्टरांनी दोन तिकिटं काढली होती, ऐनवेळी नवरा-बायकोचं बिनसलं आणि एक तिकीट माझ्या गळ्यात पडलं. शहराच्या संगीताचा इतिहास, पायी, अडीच तास. म्हटलं, जिथे जन्म गेला तिथलं ही पंचविशीची वाटाडी मुलगी मला काय नवीन सांगणार? कमरेला डबीएवढा स्पीकर, पायात बूट, आणि आवाज असा खणखणीत की समोरच्या खिडक्या उघडायच्या. पहिल्या दहा मिनिटांतच माझा तोरा उतरला. बंद पडलेल्या थिएटरपाशी तिने सांगितलं, की मूकपटांच्या काळात वादक पडद्याच्या बरोब्बर खाली बसायचे, त्यांना चित्र दिसायचंच नाही, त्यामुळे नायक केळीच्या सालीवरून घसरला की हे रडकं वाजवायचे. तू असतास तर रस्त्यातच लोळला असतास. लॉन्ड्रीमागच्या बोळात एक गायिका रोज सकाळी रियाजाला बसायची म्हणे, का, तर धुण्याच्या यंत्रांची घरघर तिला षड्जासारखी पुरायची. त्या बोळातून मी हजारदा गेलेय, पण यंत्रांकडे कान देऊन एकदा ऐकावं असं कधी सुचलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

तिसरा थांबा आपलं दुकान. आता तिथे चष्मे मिळतात. 'इथे पियानो सुरात लावणारे बाप-लेक होते,' एवढंच ती म्हणाली. मी चष्म्यांच्या किमती वाचत असल्याचं सोंग केलं. आणि मग चौथा थांबा आला, तुझ्या माझ्या ओळखीचं सभागृह.

तिने तीच गोष्ट सांगितली रे. बाहेरगावचा मोठा बासरीवाला आला होता, पियानो आपल्या शहरातल्या तरुणाने लावला होता, आणि बासरीचा तोंडाकडचा सांधा पार आत ढकलून ती आखूड केली तरी तिचा सूर पियानोपर्यंत चढेना, शेवटी तो तणतणत उठून गेला. 'लावणारा बहिराच असणार,' असं ती म्हणाली आणि लोक खो खो हसले. माझे कान तापले. पुढचं तिला माहीत नव्हतं. बाबा खुर्चीवरून उठले आणि भरल्या सभागृहात म्हणाले, 'याला कानच नाही, आजपासून हा माझ्या हाताखाली नको.' तू हत्यारांची पेटी तिथेच खाली ठेवलीस. तेव्हापासून तू फ्रीज विकतोस.

मग तिने त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसता पियानो वाजतो, बासरी मागाहून येते. मी अकरा वर्षांत तो पियानो ऐकला नव्हता. आमच्यात पियानो शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'अहो, हा लावणारा बहिरा कसा? एक पट्टी दुसरीशी भांडत नाही. इतका एकजीव पियानो मी आयुष्यात चारदा ऐकला असेल. सगळाच्या सगळा वर चढलाय, बस. म्हणजे ज्यावरून बाकीचे लावतात तो पहिलाच सूर चुकीचा मिळाला. तो कुठून घेतला होता?' वाटाडीने खांदे उडवले. हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणाली. खरंच कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, मी नाही, तू स्वतःसुद्धा नाही.

तो कुठून यायचा ते मला ठाऊक होतं. दुकानात भिंतीला टांगलेला तुझा नादकाटा, आपटला की एकच ठरलेला सूर देणारा तो दोन टोकांचा पोलादी काटा. बाबांचा वेगळा, त्यांच्या कोटाच्या खिशात. आणि त्यांचा कायदा, की पहिल्या सुराला कान वापरायचा नाही, काट्याचं ऐकायचं, पोलाद खोटं बोलत नाही. तू तेवढंच केलंस. शेवटचे दोन थांबे सोडून मी घरी आले. तुझी पेटी मी त्या रात्री सभागृहातून उचलून आणली होती, ती अजून माळ्यावर आहे. तू त्या दिवशी बरोबर नेलेला काटा तिच्यातून काढला, आपटला, मोबाइलवर मोजला. चढा निघाला, चांगलाच चढा. दोन्ही टोकं उजेडात धरली तर ती बाकीच्या काट्यापेक्षा बारीक आणि लखलखीत.

ढब्ब्या, ती मी घासली होती. मैफलीच्या आठवड्यात दुकान झाडायला घेतलं, टोकांवर गंज दिसला, म्हटलं भावाची वस्तू जरा नीट करावी. पॉलिश पेपरने जाईना म्हणून कानस घेतली. टोकाचं लोखंड कमी झालं की सूर चढतो हे पियानो लावणाऱ्याच्या मुलीला कळू नये? करायला गेले एक आणि झालं भलतंच. पण ते अजाणता झालं. जाणूनबुजून केलं ते वेगळंच आहे, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते. बाबा बोलले तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते आणि गप्प राहिले, कारण मलाही वाटलं होतं की तुझा कान चुकला.

काल बाबांना सगळं सांगितलं. काटा त्यांनी हातात घेतला, टोकांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता माझी पाळी. तर त्यांनी मलाच वाटाडीचा नंबर लावायला लावला आणि येत्या रविवारच्या फेरीत स्वतःचं नाव घातलं. मी म्हटलं, गुडघे धड चालत नाहीत, ऐकूही कमी येतं, अडीच तास कसे फिरणार? तर म्हणे, 'चार लोकांत बोललो होतो, परत घ्यायचं तेही चार लोकांत.' चौथ्या थांब्यावर बोलायला पाच मिनिटं हवीत, असं त्यांनी तिला बजावलंय. मी तुला कळवतेय हे त्यांना माहीत नाही. तू आला नाहीस तरी ते अनोळखी लोकांसमोर उभं राहून बोलणारच आहेत. म्हणून हे पत्र. रविवारी, सकाळी दहा. तुझं नि माझं तिकीट मी काढलंय. तू ये, मागे उभा राहा, वाटलं तर एक शब्दही बोलू नकोस. या वेळी मी तुझ्या शेजारी उभी असेन.

तुझीच,
ताई