पासवर्ड शेजारी दिला

बाबा,

तुम्ही अंघोळीला गेलात आणि मला दवाखान्यात कामावर पोचायला उशीर होतोय, म्हणून जिन्यातूनच परत येऊन लिहितेय.

कॉम्प्युटरचा पासवर्ड तुमच्या लक्षात राहत नाही, मान्य. पण म्हणून तो शेजारच्या मास्तरांना पाठ करायला द्यायचा? आत्ता जिन्यात त्यांनी मला अडवलं. "अभिनंदन, एवढ्या मोठ्या इस्पितळात नोकरी म्हणजे चेष्टा नाही," म्हणाले. ती नोकरीची मेल मी अजून कुणालाच दाखवलेली नाही. विचारलं, तर म्हणतात कसे, "बाबांचं विजेचं बिल भरत होतो, तुझी मेल उघडीच होती. त्यांनीच मोठ्यानं वाचायला लावली, दोनदा."

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तरीच हल्ली वॉशिंग मशीन कसं लावायचं ते विचारताय. माझी मेल परक्याकडून वाचून घेतलीत आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत. तुम्हाला एकटं सोडून परगावी कसं जायचं या विचारानं इथे माझी झोप उडालीय, आणि मास्तर जिन्यात माझ्याकडे पार्टी मागतायत.

मी पासवर्ड बदललाय. नवा मास्तरांना सांगणार नाही आणि इथे लिहिणारही नाही. लागला की मला फोन करून विचारायचा. मी दुसऱ्या गावी राहायला गेले तरी मलाच विचारायचा. रोज विसरलात तरी चालेल.