हवेशीर जागा

रविवार, १८ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. तुझ्या निवृत्तीच्या समारंभाची पत्रिका मिळाली. इतकी वर्षं एकाच शाळेत काढून मुख्याध्यापिका होणं हे काही खायचं काम नाही. अभिनंदन.

इकडे सगळं बरं. ह्यांचा गुडघा अजून कुरकुरतो, पण जिना चढतात. दातांच्या लॅबमध्ये माझ्याकडे कवळ्यांचा ढीग पडलाय. दिवसभर परक्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे आणि घरी येऊन स्वतःचे दातओठ खायचे, असं चाललंय. त्यामुळे समारंभाला यायला जमेलसं वाटत नाही. रजा मिळणं कठीण आहे.

हे वाचून तू म्हणशील, धाकटी पहिल्यापासून थापा मारण्यात कच्ची. खरं आहे. रजा मिळालीय. मागितल्याबरोबर मिळाली.

तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते, हात साबणाचे, म्हणून स्पीकर लावला होता. "माझ्यावर चार शब्द बोल, घरचं माणूस बोललं की बरं दिसतं," तू म्हणालीस. मला आनंदच झाला. मग म्हणालीस, "भिंगरीला मात्र शेजारी ठेवून ये. मोठी माणसं येणार, ती काही गप्प बसायची नाही."

भिंगरी माझ्या शेजारीच उभी होती, चमचे पुसत. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आई, मी येते ना. मी दाराबाहेर बसेन. मला सवय आहे."

"कसली सवय?"

"बाहेर बसायची. मावशीच्या शाळेत बसायचे ना. मी वर्गात हलले की बाई मला मावशीकडे पाठवायच्या. मग मावशी मला जिन्याखालच्या बाकावर बसवायची. म्हणायची, इथे हवा छान लागते."

"रोज?"

"शनिवारी नाही. शनिवारी खेळ असायचे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मावशी म्हणाली, आईला आधीच खूप टेन्शन आहे."

ताई, घर बदलून आम्ही इकडे येईपर्यंत दोन वर्षं तिला तुझ्या हाती सोपवून मी निर्धास्त कामाला जात होते. ती वाचनात मागे का पडते, हे मी तुलाच विचारायचे. तू सांगायचीस, "लाडावून ठेवलीस, लक्षच नसतं तिचं." जिन्याखाली बसून तिने कुठल्या फळ्याकडे लक्ष द्यायचं होतं?

इथल्या डॉक्टरीणबाईंनी एडीएचडी आहे म्हणून सांगितलं, तेव्हाही पहिला फोन तुलाच केला. "हल्ली प्रत्येक द्वाड पोराला एक इंग्रजी नाव मिळतं," असं म्हणून तू हसलीस. मीही हसले. शिकवणारी तू, तुला जास्त कळणार.

आता मी अशाच मुलांच्या आईवडिलांना भेटायला जाते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत लहान मुलांच्या खुर्च्या आहेत, त्यांत आम्ही कसेबसे मावतो. पहिल्या दिवशी मी सांगून टाकलं की मुलगी एका जागी बसत नाही, मी तिच्यावर ओरडते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. कुणी उपदेश केला नाही. एक बसचालक आहे, त्याची दोन्ही मुलं अशी. तो म्हणाला, "आमच्याकडे त्या बाथरूमसाठी नंबर लावावा लागतो." सगळे हसले, मीसुद्धा. आपल्या माणसांत असं मोकळं हसून मला किती दिवस झाले, आठवत नाही.

या मुलांना ऐकू येतं, कळतंही, फक्त स्वतःला आवरता येत नाही, आणि रागावल्याने ते येत नाही, हे मला तिथे कळलं. एका वेळी एकच काम सांगावं, मधे उठू द्यावं, हेही तिथेच. परक्यांनी सांगितलं, घरात मुख्याध्यापिका असून.

नव्या शाळेत तिला पहिल्या बाकावर बसवतात. फळा पुसायचं काम तिचं, म्हणजे उठायला निमित्त मिळतं. गोळ्याही चालू आहेत. चमत्कार काही झालेला नाही. काल दप्तर बसमध्ये विसरून आली, आणि मी ओरडलेच. पण परवा तिने मला अख्खा धडा वाचून दाखवला. सुरू करण्याआधी दाराकडे बघून विचारलं, "इथेच बसून वाचू ना?"

तू म्हणशील, बाकीच्या मुलांचं नुकसान होत होतं, तू काही हौसेने केलं नाहीस. असेल. तेवढंच मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी तिला दुसरीकडे नेलं असतं. तू सांगितलं नाहीस, आणि तिलाही सांगू दिलं नाहीस. ती गप्प बसत नाही म्हणतेस? ही गोष्ट पोटात ठेवून ती दोन वर्षं गप्प बसली होती.

तर मी येत नाही. त्या स्टेजवर उभी राहिले तर हेच बोलेन, आणि तुझा दिवस नासवायची माझी इच्छा नाही. ह्यांनाही पाठवणार नाही. फोन करू नकोस. केलास तर मी उचलणार नाही.

भिंगरी अजून तुझ्यावर रागावलेली नाही. मावशीला द्यायला म्हणून तिने एक चित्र काढायला घेतलंय. अर्ध्यावर सोडलंय, रंग वाळून गेलेत. पुरं करेल की नाही, सांगता येत नाही. मी तिला आठवण करून देणार नाही.

समारंभ नीट पार पडो.

तिची आई