समोरच्या पेटवेंसाठी मी काय काय केलं

३ जून, गुरुवार. सकाळी ११.१०
आज आमच्या गल्लीत वंशभेद झाला. माझ्या डोळ्यांदेखत. 

समोरच्या मिसेस पेटवे हॉस्पिटलात आहेत, खुब्याचं ऑपरेशन. काळ्या आहेत, निवृत्त नर्स, पंधरा वर्षांचा शेजार, अतिशय चांगल्या बाई. घर बंद होतं. दहाच्या सुमारास एक उंच माणूस त्यांच्या घराच्या बाजूच्या खिडकीशी खटपट करताना दिसला. मी पोलिसांना फोन केला. कुणीही केला असता. त्यांच्याच घराच्या काळजीपोटी केला. दोन गाड्या आल्या. पुढे जे झालं ते भयंकर होतं. तपशील नंतर लिहीन.

तो माणूस त्यांचा मुलगा लव्हेल निघाला. आई घरी यायच्या आधी घर आवरायला आला होता, किल्ली विसरला होता. खांदा मोडलाय. ॲम्ब्युलन्स आत्ताच गेली.

निश्चय: एकसष्ट वर्षं गप्प बसलो. आता नाही. आजपासून या लढ्यात मी उतरलो.

दुपारी १२.३०
माझी बायको मार्लिस बाजारातून सामान घेऊन आली. तिला सगळं सविस्तर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: पोलिसांना बोलावलं कुणी? म्हटलं, शेजाऱ्यांपैकी कुणीतरी. हे खोटं नाही. मी शेजारीच आहे.

५ जून, शनिवार
लॉनवर बोर्ड लावला. 'या घरात अन्यायाला थारा नाही.' मोठ्यात मोठा मागवला होता. पेटवेंच्या हॉलमधून सरळ वाचता येईल असा बसवला. मार्लिस म्हणाली, अन्याय होतो हे त्यांना ठाऊक आहे गॉर्डन, बोर्डाचं तोंड त्यांच्याकडे कशाला? या बाईला कशाचंच कौतुक नाही.

कोपऱ्यावरच्या ग्लेंडा रस्कने संध्याकाळपर्यंत दोन बोर्ड लावले. काही लोकांना प्रत्येक गोष्टीत शर्यतच दिसते. उद्या आणखी दोन मागवतो.

८ जून, मंगळवार
मिसेस पेटवे घरी आल्या. वॉकर घेऊन चालतात. बनाना ब्रेड घेऊन गेलो (मार्लिसने केलेला, पण कल्पना माझी). स्वागत थंड. ब्रेड टेबलावर ठेवायला सांगितला, बसायला नाही.

त्या म्हणाल्या, लव्हेल तुमच्या वर्गात होता, तिसऱ्या बाकावर, ओळखला नाहीत? म्हटलं, म्हणजे काय, हुशार मुलगा. त्या म्हणाल्या, तुम्ही त्याला भूगोलात नापास केलं होतं.

सत्तावीस वर्षं शिकवलं. चेहरे किती लक्षात ठेवायचे?

प्रकरण असं आहे: पोलिसांनी लिहिलंय की लव्हेलने झटापट केली, अधिकाऱ्याच्या हातावर मारलं. उलट त्याच्यावरच गुन्हा दाखल. तो घरोघरी जाऊन एसी आणि हीटर दुरुस्त करतो, आणि असा गुन्हा डोक्यावर असलेल्या माणसाला कंपनी कुणाच्या घरात पाठवत नाही. तूर्त बिनपगारी घरी बसवलंय. बाईंनी पोलिसांविरुद्ध तक्रार केली आहे. नगरपालिकेच्या मंडळापुढे सुनावणी १४ जुलैला. त्या म्हणाल्या, तुमची खिडकी बरोब्बर समोर आहे, दुसऱ्या कुणाला काही दिसणं शक्य नाही. जे पाहिलंत ते एका कागदावर लिहून द्या.

मी म्हटलं, मिसेस पेटवे, मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

त्या म्हणाल्या, बाजू नको, कागद हवाय.

दुखावलेल्या आहेत. समजून घ्यायला हवं. पण बोलायची काही रीत असते.

९ जून, बुधवार
कागद लिहायला बसलो. अशी साक्ष उथळपणे देणं म्हणजे पुन्हा अन्यायच. आधी विषयाच्या मुळाशी जायला हवं. सात पुस्तकं मागवली.

१५ जून, मंगळवार
'सिकमोर लेन न्याय मंडळ' स्थापन. सभासद पाच, सगळे गोरे. अध्यक्ष मी. ग्लेंडा म्हणाली, पेटवेंना बोलावलं असतं तर? मी समजावलं की आपल्याला शिकवण्याचा बोजा त्यांच्यावर टाकणं हाच एक अन्याय आहे. 

मीटिंग दोन तास चालली. त्यातला दीड तास प्रत्येकाने आपापली अपराधी भावना मांडली. ग्लेंडा रडली. मीही रडलो, आणि तिच्या आधी.

ठराव: पुढच्या महिन्यात पुन्हा भेटायचं.

२२ जून, मंगळवार
दारात ऑफिसर ड्रेझन. त्या दिवशी लव्हेलच्या पाठीवर ज्याचा गुडघा होता तोच. सौजन्याने बोलला. म्हणाला, मिस्टर थिल्की, तुमच्यासारखे जागरूक लोक असतात म्हणून आमचं काम होतं. तो माणूस अंगावर आला, हे तुम्ही पाहिलंच असेल.

मी ठाम राहिलो. खोटं काही बोललो नाही. म्हटलं, ऊन डोळ्यांवर होतं, नीट दिसलं नाही. त्याने वहीत लिहून घेतलं आणि माझ्या टोमॅटोच्या रोपांची स्तुती केली. त्याच्या तोंडावर साक्ष सांगून बसलो असतो तर तो सावध झाला असता. हा डावपेच आहे.

मार्लिसला सांगितलं. ती म्हणाली, सकाळी दहा वाजता? आपली खिडकी पश्चिमेला आहे. तू भूगोलाचा मास्तर ना?

जेवताना बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही.

२९ जून, मंगळवार
पत्रपेटीशी लव्हेल भेटला. हात गळ्यात बांधलेला. वजन उतरलंय. मी रस्ता ओलांडून गेलो आणि समस्त गोऱ्या समाजाच्या वतीने त्याची माफी मागितली.  त्याने पत्रं चाळणं थांबवलं नाही.

म्हणाला, सगळ्यांचं राहू द्या सर. तुमचं सांगा. कागद झाला का?

म्हटलं, चालू आहे.

म्हणाला, माझी टोपी खाली पडली होती की मी फेकली, एवढं जरी लिहिलंत तरी चालेल. रिपोर्टमध्ये म्हणतात की मी फेकून मारली.

बघा. एवढा मोठा शतकांचा प्रश्न, आणि हा टोपीचं घेऊन बसलाय. मी त्याला माझ्या वाचनाबद्दल सांगितलं (सातपैकी तीन पुस्तकं, प्रत्येकी चाळीस पानांपर्यंत). तो म्हणाला, बरं वाटलं ऐकून. पण तसं त्याच्या तोंडावर दिसलं नाही. मग आत गेला. दार हळूच लावलं, आणि ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

आपण यांच्यासाठी एवढं करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं.

६ जुलै, मंगळवार
साक्ष जवळजवळ तयार. नऊ पानं. आयुष्यात इतकं प्रामाणिक काही लिहिलं नव्हतं. मार्लिसला वाचून दाखवलं. पहिली सहा पानं माझं बालपण. आमच्या गावात एकही काळा माणूस नव्हता आणि त्यामुळे माझ्या मनावर काय परिणाम झाला, ते सगळं.

ती म्हणाली, यात लव्हेल कुठे आहे?

म्हटलं, आठव्या पानावर.

जमिनीवर कधी पडतो?

म्हटलं, तो परिच्छेद राहिलाय.

तिने पानं माझ्या हातातून घेऊन उपडी ठेवली. मग विचारलं, गॉर्डन, फोन तू केलास ना?

मी म्हटलं, एवढ्या मोठ्या व्यवस्थेत एका फोनला काय महत्त्व. ती उठली, सुपाचं पातेलं उचललं आणि समोर गेली. आमच्या दोघांचं सूप होतं ते. मी सँडविच खाल्लं.

१३ जुलै, मंगळवार
उद्या सुनावणी. कागद आधी द्यायचा राहिला, पण प्रत्यक्ष बोलण्याचा परिणाम वेगळाच असतो. निळा सूट इस्त्री केला (स्वतः). आरशासमोर सराव. वेळ लावली: अठरा मिनिटं. उत्तम.

नगरपालिकेचं पत्र आज नीट वाचलं. प्रत्येक साक्षीदाराला तीन मिनिटं. हा आवाज दडपण्याचाच प्रकार. तरी बोलेन.

१४ जुलै, बुधवार. दुपारी ४
सुनावणी झाली.

नगरपालिकेचं पाच जणांचं मंडळ, अध्यक्ष एक चष्मेवाल्या बाई. ड्रेझन पहिल्या रांगेत. मिसेस पेटवे वॉकर पुढ्यात घेऊन. लव्हेल कोट घालून, एक बाही रिकामी. मार्लिस त्यांच्या रांगेत बसली. माझी खुर्ची मागे होती.

मला बोलावलं. सुरुवात फार छान झाली. गाव, आजोबांचं शेत, शाळेतला तो प्रसंग. सभागृह इतकं शांत होतं. वाटलं, पोचतंय. लव्हेलच्या वकिलाने मध्येच म्हटलं, सर, तीन जूनच्या सकाळी काय पाहिलंत ते सांगा. म्हटलं, तिथेच येतोय, पण त्याआधी मी कोण होतो ते समजणं गरजेचं आहे.

घंटा वाजली.

मी म्हटलं, अजून दोन मिनिटं. अध्यक्षबाई म्हणाल्या, वेळ संपली, धन्यवाद. वकील उभा राहिला, म्हणाला, हा एकमेव साक्षीदार आहे, याला एक प्रश्न विचारू द्या. तेव्हा ड्रेझनच्या वकिलाने वही उघडली आणि वाचून दाखवलं: ऊन डोळ्यांवर होतं, नीट दिसलं नाही. हे तुमचंच म्हणणं ना, मिस्टर थिल्की?

मी म्हटलं, हो, पण ते वेगळ्या अर्थाने.

अध्यक्षबाईंनी पुढचं नाव पुकारलं. मी खाली उतरताना ड्रेझनने माझ्याकडे बघून मान हलवली. ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

मार्लिस पेटवेंच्या गाडीतून घरी गेली. मी बसने आलो. नियमच चुकीचे आहेत. नगरपालिकेला पत्र लिहिणार.

१६ जुलै, शुक्रवार
निकाल लागला. स्वतंत्र साक्षीदाराअभावी तक्रार फेटाळली. लव्हेलवरचा गुन्हा कायम. कंपनीने दुपारी त्याला पत्र पाठवून काढून टाकलं.

माफीचा मजकूर लिहून समोर गेलो. चार पानं. मिसेस पेटवे ओसरीवर बसल्या होत्या. बाजूला मार्लिस शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

मी सुरुवात केली. बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, फोन तुमच्या घरून आला होता, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. रिपोर्टवर नंबर आहे.

विचारलं, मग तुम्ही माझ्याकडेच कागद का मागितलात?

त्या म्हणाल्या, कारण पाहिलं होतं तुम्ही. तुम्ही चांगले आहात की वाईट, याच्याशी मला काय करायचंय? मला माझा मुलगा सोडवायचा होता.

मग म्हणाल्या, आता सांगा. इथे घंटा नाही. काय पाहिलंत?

मी म्हटलं, मला त्या दिवशी इतकं—

त्या म्हणाल्या, तुम्हाला काय झालं ते नको.

मी पुन्हा म्हटलं, एक गोरा माणूस म्हणून माझी—

लव्हेल आतून आला. आईला म्हणाला, मा, ऊन डोळ्यांवर येतंय, आत चल. ओसरीवर सावली होती. त्यांना हाताला धरून उठवलं. मार्लिसने शेंगांचं भांडं उचललं आणि तीही आत गेली. मी चार पानं घेऊन पायरीवर उभा. मग घरी आलो.

संध्याकाळी ६
तीन जून. सकाळी १०.२०. माझ्या खिडकीतून स्वच्छ दिसत होतं. पोलीस उतरले तेव्हा लव्हेलने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. हात वर नेताना टोपीला लागले, ती पडली. तो तीनदा ओरडून म्हणाला, हे माझ्या आईचं घर आहे. ड्रेझनने त्याला मागून ओढून पाडलं. तो पडलेलाच होता, हलत नव्हता, तेव्हा पाठीवर गुडघा ठेवून त्याचा हात पिरगाळला. काच बंद होती, तरी आवाज आला. त्याने कुणालाही मारलं नाही. मी पडदा ओढून घेतला.

मोठ्याने वाचून पाहिलं. बत्तीस सेकंद.