टोइवोला विचारून सांगते

प्रिय कार्ला,

रविवारीच आपण फोनवर बोललो आणि लगेच हे पाकीट, म्हणून तू दचकशील. मी पडले-बिडले नाही, हातपाय शाबूत आहेत. इथे गुडघाभर बर्फ साचलंय. हरणांच्या शिकारीचा मोसम, त्यामुळे निम्मं गाव जंगलात आहे आणि उरलेलं निम्मं, म्हणजे आम्ही म्हातारी मंडळी, औषधांच्या विम्याच्या घोळात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपते, तोवर पुढच्या वर्षाची योजना ठरवायची. चर्चमध्ये कॉफी पिताना दुसरा विषय नाही. कुणाचं इन्सुलिन कुठल्या योजनेत बसतं, कुणाची गोळी यंदा वगळली. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, पूर्वी माणसं निदान हवेबद्दल तरी बोलायची.

त्यांना हे काम मनापासून आवडायचं. सगळी माहितीपत्रकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्त्यांसारखी मांडून बसायचे. ते मोठ्याने वाचायचे, मी पाव कापता कापता त्यात खोट काढायचे. पण "काय मग, हीच घ्यायची ना?" असं एकमेकांना विचारल्याशिवाय आम्ही कधी काही ठरवलं नाही. ते गेल्यापासून मी एकटी करते. चांगलं करते, असं मला वाटत होतं.

मध्यंतरी टपालाने एक कार्ड आलं. त्यावर माझं नाव, औषधांची नवी योजना, जानेवारीपासून लागू. कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. पाठोपाठ जुन्या कंपनीचं पत्र, की तुम्ही आम्हाला सोडून चाललात याचं वाईट वाटतं. मी तर कुठेच चालले नव्हते. कार्ड घेऊन औषधाच्या दुकानात गेले. तिथल्या बेथने संगणकावर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. रक्त पातळ ठेवायची माझी गोळी त्या योजनेत बसतच नाही. डॉक्टरांनी खास परवानगी मागायची, ती मिळाली तर मिळाली. ती गोळी थांबली तर काय होऊ शकतं, हे तुला सांगायला नको. बाबा खुर्चीतून कसे कलंडले ते तू आणि मी दोघींनी पाहिलंय.

मला वाटलं, कुणीतरी माझ्या नावाने चोरी केली. असले भामटे असतात, पेपरात येतं. मी दाराला दोन्ही कड्या घालायला लागले. फोन वाजला की नुसती बघत बसायचे. मध्ये तू केलास तो फोनही मी उचलला नाही, आणि मग सौनात वाफ घेत होते म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मी फोनच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून बसले होते.

शेवटी लायब्ररीत डेनीस कांगसकडे गेले. तुला हायस्कूलमध्ये गणित शिकवायची ती. आता निवृत्त झाल्यावर आमच्यासारख्यांना मेडिकेअरच्या, म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याच्या, योजना निवडायला फुकट मदत करते. कार्ड पाहून ती माझ्यापेक्षा जास्त चिडली. तिने दार लावून घेतलं आणि कंपनीला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. पलीकडची बाई शांत होती. म्हणाली, अर्ज फोनवरून झालाय, ऑक्टोबरात, आणि असे सगळे फोन आम्ही रेकॉर्ड करतो, ऐकायचाय का? डेनीस म्हणाली, "ऐकवाच. माझ्या मैत्रिणीला कुणी फसवलंय ते कळू दे."

कार्ला, तो माझा आवाज होता. कुणी माझी नक्कल करत नव्हतं. मीच होते, छान, हसरी, तू रविवारी ऐकतेस तशी. तो मुलगा अगदी सभ्यपणे बोलत होता. त्याने जन्मतारीख विचारली, मी बरोबर सांगितली. कुठली औषधं घेता, असं विचारलं. मी म्हटलं, "एकही नाही हो, मी ठणठणीत आहे." डेनीसने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत होते. मग त्याने योजना समजावून सांगितली आणि घ्यायची का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "एक मिनिट हं, टोइवोला विचारून सांगते." तुझ्या बाबांना, कार्ला.

त्यानंतर फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. माझी पावलं ऐकू आली, मग तळघराचं दार. आणि मग लांबून माझी हाक, "टोइवो! अरे, विम्यावाल्यांचा फोन आहे, हीच घेऊ का?" नंतर बराच वेळ काहीच नाही. तो मुलगा बिचारा थांबून होता. मी परत आले आणि म्हणाले, "चालेल म्हणतोय."

डेनीसने फोन बंद केला. मला यातलं काही आठवत नाही. तो फोन नाही, ते बोलणं नाही, तळघराचा जिना नाही. मी घरी येऊन त्या दारापुढे उभी राहिले, काही आठवतंय का म्हणून, आणि मला दार उघडायची भीती वाटली. आपल्याच घरात. ते उत्तर देतील याची वाटली की देणार नाहीत याची, ते मला सांगता येत नाही. त्या मधल्या शांततेत मी त्यांचा आवाज ऐकला असणार ना? इतक्या वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला आणि तोसुद्धा मला आठवू नये.

गोळीचं निभावलं. डेनीसने डोळे पुसले, चष्मा लावला आणि म्हणाली, "एल्ना, आधी तुझ्या गोळ्यांचं बघू, बाकीचं नंतर." मुदतीच्या आत शेवटी जी निवडाल तीच धरतात, म्हणून तिने मला परत जुन्या योजनेत घातलं. माझी गोळी त्यात आहे. बेथकडूनही तिने खात्री करून घेतली. मग ती म्हणाली की कार्लाला कळवायला हवं, मी करू का फोन? मी नको म्हटलं. माझ्या लेकीला मीच सांगेन म्हटलं.

पण मी रविवारी काही सांगितलं नाही. तू "कशी आहेस?" विचारलंस आणि तोच हसरा आवाज माझ्या तोंडून निघाला, "मजेत." तो मी काढला की आपोआप निघाला, ते मला ठाऊक नाही. म्हणून लिहितेय. डॉक्टरांकडे जायचंय आणि मला एकटीला जायचं नाही, ते काय म्हणतील ते ऐकायला तू शेजारी हवीस. माझ्या वतीने कंपन्यांशी, दवाखान्याशी तू बोलावंस अशी कागदपत्रंही करायचीत, मी काय करतेय हे मला कळतंय तोवर. मुदत संपायची वाट पाहू नकोस, तोवर मी पुन्हा कुणाला हो म्हणून बसेन. लवकर ये. हे पत्र मिळालं की तू फोन करशीलच. मी कदाचित म्हणेन की काही झालेलं नाही, उगाच तिकीट काढू नकोस. गोड बोलेन, तुला पटेलसुद्धा. कार्ला, त्या हसऱ्या बाईचं ऐकू नकोस. माझं ऐक आणि ये.

तुझीच, आज तरी पुरती तुझीच,
आई