एका चुलीचं गाऱ्हाणं

३ मार्च, मुलुंड
लागली नोकरी! हर्षद साहेबांच्या आईला, मृणालिनीबाईंना सांभाळायचं, राहणं-जेवण इथंच. घर एकदम झकास, नळाला धो धो पाणी. हॉलमध्ये साहेबांच्या पाम तेलाच्या कंपनीला मिळालेली ढाल आहे, ‘पाणी राखणारी शेती’. वाचून हसू आलं. आमच्या गावचा डोंगर बोडका करून यांनीच पाम लावले. एकेक झाड उन्हाळ्यात दिवसाला पिंपभर पाणी पितं. आधी डोंगरातून वाहणारा व्हाळ आटला, मग विहीर. टँकरमागे धावताना आई पडली ती उठलीच नाही. मी कुठली, हे इथं कुणाला माहीत नाही.

६ मार्च
बाई मला शेजारी बसवून जेवतात. एकटीला घास उतरत नाही गं, म्हणाल्या. कोथिंबीरवडी झकास होती, साहेबांच्याच पाम तेलातली. बाई प्रेमळ आहेत. पण मुलगा त्यांचाच ना!

९ मार्च
विहिरीच्या तळाची माती पुडीत बांधून आणली होती. बाई झोपल्यावर भर दुपारी ती शेगडीजवळ ठेवली, नारळ ठेवला आणि गावची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, ‘बा राखणदारा म्हाराजा, आमचा पाणी ज्या चुलीर त्याल होवन तापता, ती चूल सुकव रे म्हाराजा.’ आमच्याकडे घर चुलीवर मोजतात. एका चुलीवर जेवतात ते एक घर. आता साहेब पाण्यासाठी तडफडतील. मला बघायचंय.

१४ मार्च
नळ नुसता फुसफुसतो. शेजारी मात्र पाणीच पाणी. बाईंचे ओठ फुटलेत. पेला भरून देते, तोंडाशी नेईपर्यंत रिकामा. तळाला लाल माती. राखणदाराने ऐकलं! बाईंचं वाईट वाटतं, पण आता पाळी साहेबांची.

१७ मार्च
साहेब ठणठणीत. बाईंना विचारलं. म्हणाल्या, तो घरचं कुठं खातो? डबा बाहेरचा, उकडलेला. पाणी बाटलीतलं. आपलं तेल तर तोंडालाही लावत नाही.
मग या चुलीवर जेवतं कोण?
बाई. आणि मी.

१८ मार्च
घसा जळतोय. गाऱ्हाणं परत घ्यायचं तर राखणदाराच्या नारळापुढे तांब्याभर पाणी सोडावं लागतं. शेजारून तांब्या आणला. दारात आला तेव्हा कोरडा. पुन्हा आणला — पुन्हा —

१९ मार्च
बाई गेल्या. शेवटी मला आई म्हणून हाक मारत होत्या. मी काय केलं हे —
डोळ्यांत पाणीसुद्धा येत नाही.

२० मार्च
जीभ टाळूला — पेन धरवत नाही —
साहेब दारात. रडून डोळे सुजलेत. हातात बाटली, गटागट पितायत. मला म्हणाले, आईचं फार केलंस, पाणी घे.
तोंड उघडलं. दातांखाली माती —
साहेब अजून ओततायत, आणि मी —