हेमालीची कॉपी

६ नोव्हेंबर २०१६
नरपडला खोली मिळाली! खिडकीतून चिकूची वाडी, पलीकडे समुद्र. उद्यापासून डहाणूत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम. घरमालक मोरूकाका बोटीवर जातात, मालूमावशी बोंबील सुकवतात. मावशींनी आल्याआल्या कालवण-भाकरी दिली. तलासरीला आईला फोन केला, म्हटलं, तुझा मनिष मजेत आहे.

९ नोव्हेंबर
काकांच्या कॉम्प्युटरचं विंडोज बिघडलंय. नव्याने टाकलं तर सी ड्राइव्ह पुसला जाणार, आणि हेमालीचे सगळे व्हिडिओ त्यातच. हेमाली त्यांची एकुलती मुलगी, तापाने गेली. मी सुचवलं, डिस्कचे दोन भाग करू, व्हिडिओ दुसऱ्या भागात हलवू. फक्त आधी कॉपी काढावी लागेल. काकांनी माझं मनगट पकडलं. "माझी पोर एकच होती. तिच्या दोन करायच्या नाय." मनगटावर वळ उठलेत.

१२ नोव्हेंबर
कॉपीशिवाय हात लावायची हिंमत झाली नाही. मध्येच लाइट गेली तर सगळंच जायचं. काका समुद्रावर होते, तेव्हा गुपचूप माझ्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवलं, उघडून पाहिलं. मगच सी ड्राइव्ह लहान केला, मोकळ्या जागेत डी ड्राइव्ह केला, व्हिडिओ तिकडे नेले, विंडोज टाकलं. एकही फाइल गेली नाही. हेमालीचा गरबा बघून काका हमसून हमसून रडले.

१३ नोव्हेंबर
कॉपी केलीस का, काकांनी विचारलं. नाही म्हणालो.
मागाहून मावशी बोलल्या. आधीचा भाडेकरू शुक्रा, त्याने केली होती. काकांनी वरवंट्याने त्याची बोटं ठेचली. एकेक करून.
मी लगेच माझ्याकडची कॉपी पुसायला बसलो. मावशींनी हात धरला. नवरा त्यांना व्हिडिओ बघूच देत नाही. "मला दे रे. मी आई हाय तिची."
त्यांच्या मोबाइलमध्ये थोडे घातले. मग माझ्याकडचं पुसलं.

१५ नोव्हेंबर
मावशींच्या मोबाइलमधले व्हिडिओ काकांना सापडले. माझा फोनही त्यांनी काढून घेतला. माझ्या खोलीला बाहेरून कडी. खिडकीला गज. हाका मारल्या, वाडीत कोणी नाही —

भिंतीपलीकडे काका मावशींना मारतायत. डोकं भिंतीवर — पुन्हा — दर फटक्याला एकच प्रश्न, कॉपी कोणी केली?

मावशी नाव सांगत नाहीत.

दार तुटत नाही. खांदा सोलला —

अजून सांगत नाहीत. आवाज बारीक होत —

ओरडलो. मी केली! त्यांना सोडा, मी केली —

थांबलं.

कडी काढतायत. मावशी म्हणतायत, खोटं बोलतो तो, मीच के—