दुसऱ्याने दिलेली हजेरी

ती. मामांना आणि मामीला,

वाकून नमस्कार. (खरं म्हणजे खुर्चीत बसून लिहिते आहे आणि कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं मनातल्या मनातच झालं. चालवून घ्या.) तुमची प्रकृती उत्तम असल्याचं रोज सकाळी फोनवर येणाऱ्या निरोपावरून कळतंच. ‘ठणठणीत. फिरून आलो.’ माझीही उत्तम आहे असं मीही रोज कळवतेच. मग फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर मामा, मला तुम्हाला तुमच्या तब्येतीबद्दल एक गोष्ट विचारायची आहे. ती सरळ विचारली तर तुम्ही ‘अभ्यास कसा चाललाय?’ असं उलट विचारून मला गप्प कराल (माझं शिक्षण कधीच संपलं, केस पांढरे व्हायला लागले, तरी तुमचा हा हुकमी एक्का अजून चालतो). म्हणून वळसा घालून येते आहे. वळसा आमच्या आइस्क्रीमच्या कारखान्यावरून जातो. मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

मी कारखान्यात नेमकं काय करते हे आपल्या घरात कोणालाच ठाऊक नाही. मामीची समजूत आहे की मी दिवसभर आइस्क्रीम चाखते. ती मी मोडलेली नाही, कारण माझ्याबद्दल इतकं चांगलं मत घरात दुसऱ्या कोणाचं नाही. प्रत्यक्षात मी तिथले कॉम्प्युटर सांभाळते. कारखान्याच्या मागच्या अंगाला थंड कोठ्या आहेत, त्यात माल ठेवतात. कोणती कोठी किती थंड आहे ते सतत पाहणारा एक प्रोग्राम मी लिहिला. हा प्रोग्राम कोणाला दिसत नाही. असे कितीतरी प्रोग्राम कॉम्प्युटरच्या पोटात मुकाट्याने राबत असतात, त्यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो. आता जे दिसतच नाहीत ते काम करताहेत की झोपा काढताहेत हे कळणार कसं? त्यासाठी त्यांच्यावर एक सर्व्हिस मॅनेजर नेमलेला असतो. मी त्याला मुकादम म्हणते. मुकादम स्वतः काडीचं काम करत नाही. तो सगळ्यांना उठवतो आणि हजेरी घेतो. प्रत्येक सर्व्हिसने त्याला निरोप पाठवायचे असतात. उठून, आवरून, खरोखर कामाला बसली की ‘तयार’. मग ठरलेल्या वेळाने ‘आहे’, पुन्हा ‘आहे’, पुन्हा ‘आहे’. निघताना ‘आवरते’. शिवाय आत्ता काय चाललंय याची हवी तर एक ओळ. ही ओळ मुकादम तपासत नाही, नुसती फळ्यावर (म्हणजे माझ्या टेबलामागच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर) लावतो. ती माणसांसाठी असते. ‘आहे’ वेळेवर आलं नाही तर तो कारणं विचारत बसत नाही. सर्व्हिसला धरून बंद करतो आणि पहिल्यापासून उठवतो. थोडक्यात मामा, मुकादम म्हणजे तुम्ही. शाळेतली हेडमास्तरकी कमी पडायची म्हणून सुट्टीत आम्ही भाचरं जमलो की तुम्ही संध्याकाळी अंगणात आमचीही हजेरी घ्यायचात, आणि जो ‘हजर’ म्हणणार नाही त्याला पुन्हा हातपाय धुऊन रांगेच्या शेवटी उभं करायचात.

तर माझे पराक्रम ऐका. पहिल्यांदा मी प्रोग्राम असा लिहिला की डोळे उघडले रे उघडले की तो मुकादमाला ‘तयार’ असं सांगून टाकायचा. यात नवल नाही, लिहिणारी मी होते. ताईच्या लग्नाला निघताना सगळी मंडळी गाडीत बसली होती आणि मी अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत न्हाणीघरातून ‘तयार आहे!’ म्हणून ओरडत होते, हे तुम्ही विसरला असाल तर मामी आठवण करून देईल. (ती दर वेळी देते.) मुकादम माझ्यासारख्यांवरही विश्वास ठेवतो. ‘तयार’ ऐकताच त्याने पुढच्यांना उठवलं, म्हणजे भिंतीवरच्या फळ्याच्या प्रोग्रामला आणि धोक्याच्या घंटेच्या प्रोग्रामला. त्या दोघांनी माझ्या प्रोग्रामकडे कोठ्यांचे आकडे मागितले. हा अजून जांभया देत होता, आकडे कुठले द्यायला? घंटेने त्याचा अर्थ ‘सगळ्या कोठ्या गेल्या’ असा घेतला आणि ती वाजायला लागली. सगळा कारखाना डोक्याला जाळीच्या टोप्या घालून आवारात येऊन उभा राहिला. आमच्या मालकीणबाई (त्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात) एकाच पायात चप्पल घालून बाहेर आल्या आणि दुसरी चप्पल कुठे राहिली याचा राग त्यांनी अर्थातच माझ्यावर काढला.

मग मला सचोटीचा झटका आला. मी ठरवलं की सगळ्या कोठ्यांच्या मीटरांनी उत्तर दिल्याखेरीज ‘तयार’ म्हणायचंच नाही. शेवटच्या कोठीचं मीटर केव्हाच मेलेलं होतं. त्या कोठीत माल नव्हताच, झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या होत्या. पण माझा प्रोग्राम आपला तिच्या दारात उत्तराची वाट बघत उभा. तिकडे मुकादम ‘तयार’ची वाट बघतोय. त्याने बराच वेळ धीर धरला, मग याला बंद केलं, पुन्हा उठवलं, पुन्हा बंद केलं, आणि शेवटी ‘हा काही कामाचा नाही’ असा शेरा मारून नाद सोडला. तो शेरा फळ्यावर लाल अक्षरांत झळकत राहिला आणि त्याखाली माझं टेबल. येणारेजाणारे आधी फळा वाचायचे आणि मग माझ्याकडे बघायचे.

ती मेलेली कोठी वगळली, प्रोग्राम चालू झाला. पण काही मीटर उत्तर द्यायला फार वेळ लावतात (गारठलेलीच असतात बिचारी). त्यांची वाट बघण्यात ‘आहे’ म्हणायला उशीर व्हायचा आणि मुकादम काम अर्धवट असतानाच गळा धरायचा. वास्तविक यावर सरळ उपाय आहे. ‘वेळ लागतोय, जरा सांभाळून घ्या’ असा निरोपही मुकादमाला पाठवता येतो. त्याची तशी सोय केलेलीच असते आणि तो ऐकतोही. पण आपल्या घराण्यात ‘जमत नाहीये, थांबा’ असं म्हणायची पद्धत नाही, तेव्हा मी अक्कल चालवली. प्रोग्रामच्या आतच एक वेगळा भाग केला. त्याने काम कसलंच करायचं नाही, कोठ्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही, फक्त ठरलेल्या वेळी मुकादमाला ‘आहे’ म्हणायचं. आणि फळ्यावरची ओळही कायमची लिहून ठेवली, ‘सर्व कोठ्या थंड.’ मामा, मी सुट्टीत शेजारच्या माडीवर पत्ते खेळत असताना ताई बारीक आवाज काढून माझी ‘हजर’ द्यायची ना, अगदी तेच. तुम्ही तेव्हा पकडलंत, कारण माझा आवाज ताईच्या कोपऱ्यातून आला. मुकादमाला कोपरे कळत नाहीत. त्याच्या दृष्टीने आवाज आला म्हणजे माणूस आहे. फळ्यावर हिरवा दिवा लागला, मोठ्या बाईंनी माझं कौतुक केलं, आणि मी आठवडाभर मान जरा ताठ ठेवून चालत होते.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण हसू आवरत नाही म्हणून सांगते. बाहेरगावच्या दुकानांचे मोठे खरेदीदार कारखाना बघायला आले. मोठ्या बाईंनी त्यांना माझ्या टेबलाशी आणलं. मी फळ्याकडे बोट करून आमच्या देखरेखीवर व्याख्यानच झोडलं. अगदी घसा ताणून सांगत होते की इथे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं जातं, कोठीला नुसती शिंक आली तरी आम्हाला कळतं. समोर हिरवा दिवा आणि ‘सर्व कोठ्या थंड.’ बोलता बोलता मला पायाला गार लागलं. खाली बघते तर दाराखालून एक गुलाबी ओघळ शांतपणे आत येत होता आणि माझ्या बुटांना वळसा घालून खरेदीदारांच्या दिशेने निघाला होता. स्ट्रॉबेरी! एका मीटरापाशी प्रोग्राम आदल्या दिवशीच अडकून पडला होता. त्याने एकाही कोठीकडे बघितलं नव्हतं. घंटा वाजायची तर आकडे बदलायला हवेत, ते जुनेच होते. आणि पोटातला तो आगाऊ भाग मात्र इमानाने ‘आहे, आहे, आहे’ म्हणत होता. सर्वांत वाईट म्हणजे पायाखाली ओघळ दिसत असूनही मी पुन्हा एकदा वर फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘नाही, पण हिरवा आहे.’ तेव्हापासून कारखान्यात माझं नाव ‘हिरवा दिवा’ पडलं आहे. जेवणाच्या सुट्टीत कोणीही येतं आणि ‘काय हिरवा दिवा, सगळं थंड ना?’ असं विचारून जातं.

नोकरी शाबूत आहे, काळजी नसावी. (खरेदीदारांपैकी एकजण इतका हसला की त्याने जाताना माल घ्यायचं कबूल केलं. मोठ्या बाईंनी मात्र तो ओघळ मलाच पुसायला लावला, कंबर तेव्हाच धरली.) प्रोग्राम आता दुरुस्त केला आहे. ती दुसऱ्याने द्यायची हजेरी काढून टाकली. सगळ्या कोठ्या एकदा स्वतः बघून झाल्या की मगच ‘आहे’ म्हणायचं, आणि जो बघतो त्यानेच म्हणायचं. वेळ लागत असेल तर वेळ लागतोय म्हणून सांगायचं. फळ्यावरही आता खरेच आकडे येतात. ते पूर्वीसारखे सुरेख दिसत नाहीत, एखादी कोठी अधूनमधून कुरकुरत असते, पण निदान मला ते कळतं.

बाकी इकडे क्षेम आहे. मामी, तू शिकवलेलं विणकाम पुन्हा सुरू केलं आहे आणि पूर्वीइतकंच वाईट येतं आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना माझ्याकडून एकेक धपाटा.

तुमची आगाऊ भाची,
(कारखान्यात) हिरवा दिवा

ता. क. वळसा संपला. त्या स्ट्रॉबेरीच्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला ‘आज कारखान्यात छान झालं’ असं कळवलं होतं, आठवतं? तो शुद्ध खोटेपणा होता. त्यावर तुमचं उत्तर आलं, ‘शाब्बास’, आणि शेजारी गुलाबाचं फूल. मामा, तुम्ही मला जन्मात कधी शाब्बास म्हटलेलं नाही. शाळेतून पहिली आले तेव्हाही ‘ठीक’ म्हणाला होतात. आणि मुलांनी निबंधाखाली काढलेल्या फुलांवर लाल काट मारणारे तुम्ही, तुमच्या फोनवरून मला फूल कसं येईल? मग मी मागचे निरोप काढून बघितले. ‘ठणठणीत. फिरून आलो.’ हे अक्षरन्अक्षर तेच, गेला महिनाभर, आणि गेला महिनाभर त्याखाली फूल.

ता. क. (दुसरा) तरीही मी फळ्याकडेच बघत बसले असते, सवयच आहे मला. पण परवा सकाळी मामीशी फोनवर बोलत होते तेव्हा मागून तुमचा आवाज आला, ‘अगं, जरा उठवून बसव.’ मामीने घाईघाईने फोन ठेवला. थोड्याच वेळात तुमचा निरोप आला. फिरून आलात म्हणे. त्या दिवशी मी टेबलाशी बसून रडले. कोणी काय झालं म्हणून विचारलं तर नेहमीच्या सवयीने ‘काही नाही, सगळं थंड’ असं म्हणाले.

ता. क. (मामीसाठी) मामी, हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. इथवर आलीस तर इथून पुढचं गाळू नकोस, मोठ्याने वाच. मी तुझ्यावर रागावलेली नाही. त्यांनीच तुला तसं पाठवायला सांगितलं असणार, आम्हाला घोर नको म्हणून. पण त्यांना एकटीने उठवून बसवता बसवता तुझीही पाठ गेली असेल, आणि तुझी हजेरी तर कोणीच घेत नाही. मी शनिवारी येते आहे. चार दिवस राहीन, दोघांनाही डॉक्टरांकडे नेईन. घर आवरून ठेवू नकोस. काही करायचं म्हणून करू नकोस.

ता. क. (शेवटचा, मामांसाठी) मी आले की ‘तयार’ असायची काही गरज नाही. धुतलेला सदरा घालून खुर्चीत ताठ बसून दाखवायचं नाही. मी फाटकातून हाक मारीन, ‘मामा!’ उत्तर द्यायला वेळ लागला तर लागू दे, मी दारात उभी राहीन. ‘ठणठणीत’ म्हणू नका. नुसतं ‘आहे’ म्हणा. हळू म्हणालात तरी चालेल, पण तुम्हीच म्हणा.